शुद्ध म्हणजे किती शुद्ध? – मास स्पेक्ट्रोमीटरची द्रावके आणि रसायने



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या रानात उसाच्या जोडीला द्राक्ष, डाळिंब, हळद किंवा भाजीपाला असतो. काहींची गुऱ्हाळे आहेत. हा माल परदेशी किंवा मोठ्या बाजारात जायचा, तर त्यात फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिला आहे याचा प्रयोगशाळेचा दाखला लागतो. दाखला एका कागदाचा. पण त्यावरच्या एका आकड्याने वर्षाचा माल जातो किंवा अडतो. हा आकडा ज्या यंत्रातून निघतो त्याचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर. मराठी ग्रंथांत त्याला द्रव्यमान वर्णपटमापक म्हणतात. आपण प्रचारातले नावच वापरू.

या यंत्राविषयी सगळे बोलतात. त्यात जे पाणी आणि जे द्रावक ओततात त्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. खरे पाहता आकड्याचा भरवसा यंत्राइतकाच त्या बाटल्यांवर असतो. म्हणून या पाठात बाटल्यांचा विचार करू. मुद्दा एकच : शुद्धता ही ज्या त्या कामापुरती असते, आणि ती लेबलावरून नव्हे तर तपासून ठरते.

१. शंभर टनांत एक ग्रॅम

आधी मोजायचे किती ते पाहू. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल, तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. आता हिशेब करा. किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे टनाला १० मिलिग्रॅम, आणि १०० टनाला १ ग्रॅम. दहा-दहा टनांचे दहा ट्रक माल, आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध. इतके बारीक शोधायचे आहे.

प्रयोगशाळा दहा ट्रक तपासत नाही. २००३ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेली ‘क्वेचर्स’ नावाची रीत आज जगभर चालते. तिच्या मूळ कृतीत १० ग्रॅम बारीक केलेला नमुना, १० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल हे द्रावक, ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घेऊन हलवतात. औषधाचा अंश द्रावकात उतरतो, ते द्रावक स्वच्छ करून यंत्रात सोडतात.

१० ग्रॅम द्राक्षांत मर्यादेइतके औषध म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम; मिलिग्रॅमचा दहा हजारावा भाग. आता द्रावकाच्या बाटलीकडे वळा. ‘उकळून आटवल्यावर मागे राहणारा गाळ लिटरला जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम’ असे लेबलावर छापलेले असेल, तर वाचणाऱ्याला ते फार शुद्ध वाटते. पण त्यातल्या १० मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅमपर्यंत गाळ असू शकतो, म्हणजे आपण शोधतो आहोत त्याच्या शंभर पट! तो गाळ औषधच असतो असे नाही, बहुधा नसतोच. पण तोही यंत्रात जातो आणि मध्ये लुडबुड करतो.

गुऱ्हाळवाल्यांना यातली आणखी एक गोष्ट चटकन समजेल. खारवट जमिनीतल्या उसाचा रस पिताना खारटपणा जेमतेम जाणवतो, पण काहिलीत आटवून गूळ केला की तो जिभेला लागतो. रस आटला तसे क्षारही आटले, म्हणजे दाट झाले. प्रयोगशाळेतही बारीक अंश दिसावा म्हणून १०० मिलिलिटर द्रावक आटवून १ मिलिलिटर करण्याची रीत आहे. नमुन्यातला अंश शंभर पट दाट होतो, आणि द्रावकातला मळही शंभर पट.

२. यंत्र काय करते?

मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा वजनकाटा आहे. रेणूवर विजेचा भार चढवायचा, त्याला निर्वात नळीत सोडायचे आणि विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रात तो कसा वागतो त्यावरून त्याचे वस्तुमान काढायचे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९ साली असे यंत्र बांधले आणि १९२२ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. द्रवातला रेणू न मोडता यंत्रात कसा न्यावा ही अडचण पुढे बरीच वर्षे होती. बारीक सुईतून हजारो व्होल्ट दाबाखाली द्रवाचा फवारा उडवायचा, थेंब वाळू द्यायचे, म्हणजे भारित रेणू मोकळे होतात, ही युक्ती जॉन फेन यांनी यशस्वी करून दाखवली. त्यांना २००२ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आपल्या ओळखीच्या साखरेचेच उदाहरण घेऊ. साखरेच्या रेणूचे वस्तुमान ३४२. पण फवाऱ्यात साखरेला सोडियम चिकटला तर यंत्र ३६५ दाखवते, पोटॅशियम चिकटला तर ३८१, अमोनियम चिकटला तर ३६०. पदार्थ एक, नोंदी तीन ठिकाणी! हा सोडियम कोणी घातला? कोणीच नाही. तो काचेच्या बाटलीतून पाण्यात उतरतो, घामेजल्या बोटावरून येतो, कमी प्रतीच्या द्रावकातून येतो.

मळ दोन तऱ्हेने घात करतो हे नीट समजून घ्यावे. एक म्हणजे जे मालात नाही ते असल्यासारखे दिसते, आणि निर्दोष शेतकऱ्याचा माल अडतो. दुसरी तऱ्हा अधिक वाईट. फवाऱ्यातल्या थेंबावर भार मोजकाच असतो. मळाचे रेणू गर्दी करून तो आधी पळवतात आणि औषधाचा रेणू भाराविना मागे राहतो. गव्हाणीपाशी उपऱ्या गाड्यांनी रांग अडवली की आपली गाडी दिवसभर मागेच, तसे. मग औषध मालात असूनही कागदावर उमटत नाही, आणि ते खाणाऱ्याच्या ताटात जाते.

३. मळ कशाला म्हणावे?

तुम्ही म्हणाल, आसवनीत एवढा अल्कोहोल तयार होतो, तोच का नाही वापरत? प्रश्न रास्त आहे. उत्तरातच सगळा पाठ आहे.

साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्या प्रमाणात पाणी आणि अल्कोहोल एकत्रच, ७८.२ अंश सेल्सियसला उकळतात. पुढे पाणी काढायला झिओलाइटच्या बारीक छिद्रांच्या चाळण्या, म्हणजे मॉलिक्युलर सीव्ह, वापरतात. पेट्रोलमध्ये मिसळायचा अल्कोहोल असा ९९.५ टक्क्यांच्या वर नेतात. तिथे पाणी हा मळ, कारण पाण्याने पेट्रोल व अल्कोहोल वेगळे होतात. औषधे किंवा पेये करणाऱ्याला फ्यूजेल तेल, अल्डिहाइड आणि मिथेनॉल हा मळ. मास स्पेक्ट्रोमीटरवाल्याला थोडे पाणी चालते, कारण तो स्वतःच पाणी मिसळतो. त्याला नको असतो सोडियम, नको असते टाकीच्या रंगातून, रबरी नळीतून आणि प्लॅस्टिकच्या ड्रममधून उतरलेले तेलकट द्रव्य. म्हणजे ९९.५ टक्के शुद्ध अल्कोहोल त्याला घाण असू शकतो आणि निम्मे पाणी असलेले द्रावण स्वच्छ असू शकते. टक्क्यांवर जाऊ नये, कामावर जावे.

बाजारात रसायनांच्या प्रती असतात. सर्वसाधारण प्रयोगशाळेची प्रत, विश्लेषणाची प्रत, एचपीएलसी प्रत आणि एलसी-एमएस प्रत. शेवटच्या दोन्हींत पुष्कळांचा घोटाळा होतो. एचपीएलसी प्रतीचे द्रावक मुख्यतः अतिनील प्रकाश किती शोषते यावर तपासलेले असते, कारण त्या यंत्रात प्रकाशाने मोजतात. पण सोडियम तो प्रकाश शोषत नाही. साबणातले पॉलिएथिलीन ग्लायकॉलही जवळजवळ शोषत नाही. म्हणून प्रकाशाच्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वजनाच्या परीक्षेत नापास होऊ शकतो. एलसी-एमएस प्रतीत धातूंचा अंश, आटल्यावरचा गाळ आणि प्रत्यक्ष मास स्पेक्ट्रोमीटरमधली पार्श्वभूमी पाहिलेली असते.

४. पाणी

सगळ्यात जास्त वापर पाण्याचा, आणि सगळ्यात जास्त गाफीलपणाही पाण्याबाबत. अतिशुद्ध पाण्याची खूण म्हणजे विजेला विरोध. २५ अंश सेल्सियसला १८.२ मेगओहम-सेंटिमीटर हा शुद्ध पाण्याचा टोकाचा आकडा. यंत्राच्या पडद्यावर १८.२ दिसले की काम झाले असे मानतात.

साखर कारखान्यातल्या माणसाने मात्र यात फसू नये. बाष्पीभवनाच्या भांड्यांत रस उकळताना बुडबुडे फुटतात, त्यांचे बारीक तुषार वाफेबरोबर उडतात आणि थंड होऊन जमलेल्या पाण्यात साखर येते. तेच पाणी बॉयलरला द्यायचे असते. साखर विजेला वाट देत नाही, म्हणून नुसत्या विद्युतमापकावर ती कळत नाही. त्यासाठी आपले केमिस्ट अल्फा नॅफ्थॉलची चाचणी घेतात. थोडे अल्फा नॅफ्थॉलचे द्रावण टाकायचे, नळीच्या कडेने तीव्र गंधकाम्ल सोडायचे. जांभळे कडे दिसले की साखर आली!

अतिशुद्ध पाण्यालाही तोच न्याय आहे. १८.२ आकडा क्षार नाहीत एवढेच सांगतो. साखर, तेल, प्लॅस्टिकचा अंश यांविषयी तो मुका आहे. त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बन वेगळा मोजावा लागतो आणि तो ५ पीपीबीच्या आत, म्हणजे शंभर कोटी भागांत पाच भागांपेक्षा कमी असावा. दोन्ही आकडे बरोबर असले तरच पाणी घ्यावे.

शिवाय असे पाणी टिकत नाही. ते भुकेले असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि थोड्याच वेळात आम्लधर्मी होते. काचेतून सोडियम ओढते. दोन-चार दिवस राहिले तर त्यात जंतू वाढतात. म्हणून पाणी लागेल तेव्हाच काढावे, सुरुवातीची धार सोडून द्यावी, आणि प्लॅस्टिकच्या पिचकारी बाटलीत साठवू नये. राहिलेल्या पाण्यात नवे ओतून बाटली भरण्याची सवय तर अजिबात नको. शिळ्या दुधात ताजे ओतले तर सगळेच नासते, हे घरच्या माउलीला सांगावे लागत नाही.

५. द्रावके : कुठून येतात, कशी घ्यावीत

या कामाची मुख्य द्रावके म्हणजे अॅसिटोनायट्राइल आणि मिथेनॉल. द्राक्षांतले अवशेष काढायला आपल्याकडे इथाइल अॅसिटेटचाही वापर होतो. हे इथाइल अॅसिटेट आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर अल्कोहोलपासून करतात, आणि अल्कोहोल येतो मोलॅसिसपासून. म्हणजे रानातल्या उसाचाच एक दूरचा पाहुणा द्राक्षाच्या परीक्षेला बसलेला असतो!

अॅसिटोनायट्राइलची गोष्ट मोलॅसिससारखीच आहे. ते मुद्दाम फारसे कोणी करीत नाही. प्रोपिलीन, अमोनिया आणि हवा यांपासून अॅक्रिलोनायट्राइल करताना ते उपपदार्थ म्हणून मिळते. अॅक्रिलोनायट्राइल जाते अॅक्रिलिक लोकरीला आणि मोटारीच्या प्लॅस्टिकला. २००८ साली जगात मंदी आली, मोटारींचा खप घसरला, अॅक्रिलोनायट्राइलचे कारखाने मंदावले. बीजिंगच्या ऑलिंपिकसाठी हवा स्वच्छ ठेवायची म्हणून तिकडचे कारखाने काही काळ बंद झाले आणि सप्टेंबरात अमेरिकेच्या टेक्सास किनाऱ्यावर आइक वादळ आदळले. अॅसिटोनायट्राइलचा जगभर तुटवडा पडला आणि किमती कितीतरी पटींनी चढल्या. गाळप कमी झाले की मोलॅसिस कमी आणि आसवनी थंड, हे आपण जाणतोच. उपपदार्थावर जगणाऱ्याने मुख्य पदार्थाच्या बाजाराकडे डोळा ठेवावा, आणि मिथेनॉलवर चालणारी दुसरी रीत तपासून हाताशी ठेवावी.

खरेदी करताना पाळायच्या गोष्टी अशा :

(क) लेबलावरची प्रत, लॉट क्रमांक, मुदत व गाळाचा आकडा वाचावा. लॉटचा तपासणी दाखला मागून घ्यावा.

(ख) जुनी बाटली संपण्याआधी नव्या लॉटची एक बाटली आणून दोन्ही यंत्रावर शेजारी शेजारी चालवून पाहाव्यात. पसंत पडल्यास त्याच लॉटचा हंगामाचा माल राखून ठेवावा. नव्या वाणाचे बेणे आपण आधी दोन सरींत लावून पाहतो, तसेच.

(ग) लहान बाटल्या घ्याव्यात. मोठी बाटली स्वस्त पडते, पण ती शंभर वेळा उघडली जाते.

(घ) बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

(च) एका कामाच्या मध्यावर कंपनी किंवा लॉट बदलू नये.

(छ) एलसी-एमएस प्रतीचे द्रावक कारखान्यातच गाळून येते. ते पुन्हा गाळण्याच्या फंदात पडू नये. गाळणीचा कागद आणि तिचे भांडे यांचाच मळ त्यात उतरतो.

६. वरून मिसळायची रसायने

रेणूवर भार चढावा म्हणून द्रावकात थोडे आम्ल किंवा क्षार मिसळतात. नियम एक : मिसळायचे ते उडून जाणारे हवे. फॉर्मिक आम्ल, अॅसेटिक आम्ल, अमोनियम फॉर्मेट, अमोनियम अॅसिटेट ही उडतात. फॉस्फेट उडत नाही. ते यंत्राच्या तोंडाशी खपली धरते. बाष्पीभवनाच्या नळ्यांत खपली धरली की काय होते हे कारखान्यात सांगायला नको. वाफ खर्च होते आणि रस आटत नाही.

प्रमाणे सोपी आहेत. ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल म्हणजे १ लिटरमध्ये १ मिलिलिटर. १० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट म्हणजे लिटरला ०.६३ ग्रॅम, आणि अमोनियम अॅसिटेट असेल तर ०.७७ ग्रॅम. पण फॉर्मिक आम्ल प्लॅस्टिकच्या बाटलीत राहिले तर बाटलीचाच अंश खेचते. म्हणून ते एकदाच फोडायच्या काचेच्या कुप्यांत घेणे बरे. तीव्र फॉर्मिक आम्ल हळूहळू मोडून कार्बन मोनॉक्साइड वायू होतो आणि बंद बाटलीत दाब वाढतो, हेही लक्षात असू द्यावे.

मघाशी सांगितलेल्या क्वेचर्स रीतीतले मॅग्नेशियम सल्फेट हे वरवर निरुपद्रवी चूर्ण. पण त्यात ओल असते आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणाऱ्या थॅलेट नावाच्या द्रव्यांचा अंश असतो. म्हणून ते भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सियसला काही तास भाजून, कोरड्या हवेत थंड करून, घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात ठेवतात. भाजल्याने दोन्ही दोष जातात.

७. भांडी, बाटल्या आणि हात

अनुभवी तंत्रज्ञ मळाला वस्तुमानावरून ओळखतो. ३९१ ला शिखर दिसले की थॅलेट, म्हणजे कुठेतरी प्लॅस्टिकची नळी. ४४-४४ च्या अंतराने कुंपणाच्या खांबांसारखी रांग दिसली की पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कोणीतरी बाटली साबणाने धुतली. ४४५ ला दिसले की सिलिकॉन, जे सौंदर्यप्रसाधनांतूनही हवेत येते. २८२ किंवा ३३८ दिसले की प्लॅस्टिक गुळगुळीत राहावे म्हणून घातलेले द्रव्य. चोराचा माग काढावा तसा हा माग काढायचा असतो.

म्हणून या कामाच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि साबणाने कधीच धुऊ नयेत. जे द्रावक भरायचे त्यानेच तीनदा विसळावे. झाकणाचे अस्तर टेफ्लॉनचे असावे. तोंडाला मेणकापडाची पट्टी गुंडाळू नये. हातमोजे नायट्राइलचे घालावेत. बाटलीत पिपेट बुडवू नये. हवे तेवढे छोट्या पेल्यात ओतून घ्यावे, आणि उरलेले परत बाटलीत ओतू नये. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालत नाहीत आणि ताटातली फोड परत बरणीत टाकत नाहीत, तीच शिस्त.

इथे एक गाठ नीट बांधून ठेवावी. औषधांचे अवशेष मोजायचे असतील तर चांगली बोरोसिलिकेट काच हवी, प्लॅस्टिक नको. पण शिसे, कॅडमियम असे धातू मोजायचे असतील तर उलट. तिथे काच धातू सोडते, म्हणून टेफ्लॉनच्या जातीचे भांडे हवे. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष.

आणखी एक इशारा. अॅसिटोनायट्राइल व मिथेनॉल दोन्ही पेट घेणारी आणि विषारी आहेत. हवा खेळती हवी, ज्योत जवळ नको, आणि वापरलेले द्रावक मोरीत किंवा ओढ्यात ओतायचे नाही. ते वेगळे साठवून रीतसर विल्हेवाटीला द्यायचे.

८. शिशाची गोष्ट

मळाचा हिशेब नीट ठेवला तर काय साधते याचे उदाहरण अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाचे आहे. उल्केतले शिसे मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजून पृथ्वीचे वय काढायचे हे त्यांचे काम. पण आकडे जुळेनात. जिकडे तिकडे शिसे : पाण्यात, आम्लात, काचेत, हवेतल्या धुळीत, माणसाच्या केसांत. त्यांनी आधी प्रत्येक रसायनातले शिसे मोजले, पाणी व आम्ले नव्याने शुद्ध केली, खोली धूळमुक्त केली. मग आकडा आला : सुमारे ४.५५ अब्ज वर्षे. १९५६ साली तो निबंध प्रसिद्ध झाला आणि तो आकडा आजही टिकून आहे.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. ‘एवढे शिसे आले कुठून?’ हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले शिसे हवेत पसरते आहे असे त्यांनी दाखवले. उद्योगाचा विरोध पत्करून ते वर्षानुवर्षे मांडत राहिले. मासळीतल्या शिशाचे इतर प्रयोगशाळांचे आकडे कितीतरी पटींनी जास्त आहेत, कारण त्यांच्या भांड्या-रसायनांतलेच शिसे त्यात मिसळले आहे, हेही १९८० साली त्यांनी व सहकाऱ्याने दाखवून दिले. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या वाहनांना शिशाचे पेट्रोल बंद झाले. आपल्या देशात २००० साली.

आम्ले शुद्ध करण्याची रीत समजण्याजोगी आहे. उकळून ऊर्ध्वपातन केले तर बुडबुडे फुटून तुषार उडतात आणि मळ पलीकडे जातो. आपल्या बाष्पीभवनाच्या भांड्यात होते तेच. म्हणून उकळूच द्यायचे नाही. दिव्याच्या उष्णतेने आम्ल गरम ठेवायचे, शांतपणे वाफ होऊ द्यायची आणि ती थंड बाजूला जमवायची. १९७२ साली मॅटिन्सन यांनी टेफ्लॉनच्या दोन बाटल्या काटकोनात जोडून असे साधे उपकरण प्रसिद्ध केले. एक बाटली दिव्याखाली, दुसरी गार पाण्यात. दिवसभरात थोडेच आम्ल मिळते, पण मिळते ते निर्मळ.

यात आपल्या घरचाही धागा आहे. रसाचा पोल काढण्यापूर्वी रस निवळायला शिशाचे अॅसिटेट टाकण्याची पद्धत साखर कारखान्यांत फार जुनी. पोलच्या कामाला ते चूर्ण उत्तम. पण त्याच टेबलावर कोणी गुळातले शिसे मोजू लागला, तर त्या चुर्णाची चिमूटभर धूळ त्याचा सगळा निकाल बुडवील.

९. रिकाम्या गाडीचे वजन

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भरलेली गाडी काट्यावर चढते, ऊस उतरवून रिकामी गाडी परत चढते, आणि वजाबाकी होते तेव्हा उसाचे वजन कळते. रिकाम्या गाडीचे वजन केलेच नाही तर कोणता सभासद ती पावती मान्य करील?

प्रयोगशाळेतली रिकामी गाडी म्हणजे कोरा नमुना. द्राक्षे सोडून बाकी सगळे तेच : तेच पाणी, तेच द्रावक, तेच मीठ, तीच भांडी, तेच हात, तेवढाच वेळ. मग ते यंत्रात सोडायचे. जे दिसेल ते आपले, शेतकऱ्याचे नव्हे. केवळ द्रावकाचा कोरा नमुना पुरत नाही. सगळी कृती पार केलेला हवा. दर तुकडीत एक तरी हवा, आणि फार दाट नमुन्यानंतर आणखी एक, कारण आधीच्या नमुन्याचा अंश यंत्रात रेंगाळतो.

वजाबाकी केली की भागले, असेही नाही. गाडीचे वजन दर खेपेला वेगळे भरू लागले तर आपण वजाबाकीवर विसंबत नाही. काटा किंवा गाडी तपासतो. कोऱ्या नमुन्याचा आकडा आज कमी, उद्या जास्त असा हलत असेल, तर वजाबाकी करून निकाल देणे योग्य नाही. आधी मळाचा उगम शोधायचा : पाणी बदलून पाहायचे, मग द्रावक, मग आम्ल, मग बाटली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर सापडतो.

१०. सभासदाने काय करावे?

नमुन्याची शुद्धता आपल्या दारापासून सुरू होते. फवारणीचा पंप धरलेल्या हाताने नमुना घेऊ नये. खताच्या पोत्यात, औषधाच्या धुतलेल्या बाटलीत किंवा छापील पिशवीत तो भरू नये. प्रयोगशाळा देईल तेच भांडे वापरावे. नमुन्याचा एक भाग सील करून, थंड जागी जपून ठेवावा.

निकाल विरुद्ध गेला तर हात जोडून बसू नये आणि भांडतही सुटू नये. चार प्रश्न विचारावेत. प्रयोगशाळेला या चाचणीसाठी एनएबीएल मान्यता आहे का? त्या तुकडीच्या कोऱ्या नमुन्यात काय दिसले? आकडा खात्रीने मोजता येण्याची किमान मर्यादा किती? नमुना पुन्हा केला का आणि दुसऱ्यांदा काय आले? चांगली प्रयोगशाळा या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरे तिच्या वहीत असतात. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षांवरील अवशेषांसाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. अशा संस्थांचे कामच इतर प्रयोगशाळांचे काटे तपासणे.

आणि निकाल अनुकूल आला तरीही हेच प्रश्न विचारावेत. स्वच्छ निकाल हा मालाच्या स्वच्छतेमुळे आहे की मळाच्या गर्दीत खरा अंश दबला म्हणून आहे, हे कळलेले बरे. तो माल कोणाची तरी मुले खाणार असतात.

थोडक्यात

१. आधी काम सांगा, मग शुद्धता विचारा.

२. पाण्याचे दोन्ही आकडे पाहा : विरोध आणि सेंद्रिय कार्बन.

३. नवा लॉट जुन्याच्या शेजारी चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

४. उडून जाईल तेच द्रावकात मिसळा.

५. साबण, मेणकापड, प्लॅस्टिकची नळी दूर ठेवा. ओतलेले परत ओतू नका.

६. कोऱ्या नमुन्याशिवाय आलेला आकडा हा निकाल नव्हे.

ज्या सभासदांची मुले-मुली रसायनशास्त्र शिकत आहेत त्यांनी हा पाठ त्यांना वाचायला द्यावा. आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाऊन अल्फा नॅफ्थॉलची चाचणी एकदा डोळ्यांनी पाहावी. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात जांभळे कडे उमटताना पाहिले, की ‘शुद्ध’ हा शब्द माणूस जपून वापरतो.